गाजरगवत, भुंगा आणि सूर्यफुलाचा खटला

गाजरगवताला कीड का लागत नाही, हा प्रश्न बरीच वर्षं माझा पिच्छा सोडत नाही. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या शिवारात अळ्या सोयाबीनच्या पानांची चाळणी करतात आणि बांधावरचं गाजरगवत मात्र निवांत फुलत राहतं. ते अमेरिकी गव्हातून आलं, ही कथा सर्वांना पाठ आहे. पण पुण्यात त्याची नोंद १९५१ची आणि तो गहू आणणारा पीएल-४८० करार १९५६चा, एवढं सांगून पुढे जातो.

त्याच्या पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं कडू द्रव्य असतं. माणसाच्या कातडीवर पुरळ उठतं, गुरं तोंड लावत नाहीत आणि आपल्याकडच्या पानखाऊ किडीही सहसा फिरकत नाहीत. त्याच्या मूळ घरी, मेक्सिकोकडे, हे विष पचवणारे कीटक होते. ते तिकडेच राहिले.

त्यातलाच एक, पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघांचा झायगोग्रामा भुंगा, बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत आणला गेला. के. पी. जयंत आणि सहकाऱ्यांनी तो २७ कुळांतल्या ४० वनस्पतींवर तपासला आणि १९८४मध्ये मोकळा सोडला. गवताचे पट्टेच्या पट्टे निष्पर्ण झाले.

मग भांडण पेटलं. १९९१मध्ये कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाची पानं कुरतडताना दिसले. सूर्यफूल गाजरगवताच्याच कुळातलं. त्यात देश तेलबिया वाढवायच्या धडपडीत. केंद्रानं चौकशी समिती नेमली, भुंगे सोडणं थांबलं. जयंत यांच्या गटानं शोधलेलं उत्तर मला अजून चकित करतं. गाजरगवताचे परागकण वाऱ्यानं सूर्यफुलाच्या पानांवर बसत होते आणि गवत संपवून उपाशी झालेले भुंगे त्या परागांच्या ओढीनं पान खात होते. सूर्यफुलावर त्यांची पिढी काही वाढत नव्हती. बंदी पुढे उठली, पण तोवर मोलाची वर्षं गेली होती. माझ्या मते भुंग्याला विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं.

तरीही गवत हरलं नाही. विष पचवणारा शत्रू समोर आला, तरी वेळ गवताच्याच बाजूनं होती. पावसाळा सरला की बहुतेक भुंगे जमिनीत शिरून पुढच्या पावसापर्यंत निपचित पडतात. गवताला मात्र ऋतूचं बंधन नाही. ओल मिळाली की ते हिवाळ्यातही उगवतं, पाटाच्या कडेला, ओलिताच्या हरभऱ्यात. ताण पडला तर महिनाभरातच फुलतं. एकेक झाड हजारो बिया टाकतं. त्या काळात त्याला खाणारं शेतात कुणी नसतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं हे भुंगे शेतकऱ्यांना पुरवले आहेत. ते जुलै-ऑगस्टमध्ये सोडावेत आणि दिसतील तिथे फवारणी टाळावी. हिवाळ्यातलं गवत मात्र फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. त्या दिवसांत भुंग्याच्या भरवशावर राहू नका.