ज्वेलमध्ये फेरी मारता, पण मधलं पाणी कशासाठी आहे?

नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'त परवा एका काकांनी विचारलं, "हा तलाव नैसर्गिक का हो?" उत्तर लांबलं, म्हणून ही पोस्ट.

हा धारण तलाव आहे. आपण त्याला होल्डिंग पाँड म्हणतो. 1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल जमिनीवर शहर उभं राहिलं. भरतीच्या वेळी खाडीची पातळी इतकी चढते की पावसाचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही. म्हणून डच धर्तीवर असे तलाव केले.

तलावाच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, झडपा मिटतात आणि नाल्यांचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात. काम बिनपगारी, चंद्राच्या वेळापत्रकावर!

गंमत म्हणजे पुराच्या पाण्यासाठी राखलेल्या या जागेचा काठ शहराने आपलासा केला. पहाटे चालणारे, संध्याकाळी कट्ट्यावरचे आजोबा, घरात एकांत न मिळणारी जोडपी... मला तर आखीव बागेपेक्षा हा काठच आवडतो.

अडचणही आहे. गाळ साचतो, त्यावर कांदळवन उगवतं. गाळ काढायचा तर ते तोडावं लागतं, आणि 2018च्या उच्च न्यायालयाच्या निकालानुसार सार्वजनिक कामासाठीही कांदळवन तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. कांदळवन वाचायलाच हवं, पण तलावाची साठवण घटते, हेही खरं.

तुमच्या सेक्टरजवळ असा तलाव आहे का? फोटो टाका. झडपांबद्दल काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा.