गाडी विकली, पैसेही मिळाले. पण आरसीवर नाव अजून तुमचंच आहे का?

भंडाऱ्यात गांधी चौकात पाच मिनिटं उभं राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कारच्या नंबर प्लेट बघा. एमएच ३६ म्हणजे भंडारा पासिंग. पण मध्येच एमएच ३१ दिसेल, ४९ दिसेल, ४० दिसेल. या तिन्ही नागपूरच्या: ३१ शहराची, ४९ पूर्व नागपूरची आणि ४० ग्रामीणची. सगळेच काही नागपूरहून पाहुणे आलेले नसतात. यातल्या कितीतरी गाड्या इथल्याच घरांसमोर रात्री उभ्या राहतात.

कारण साधं आहे. नागपूर साठेक किलोमीटरवर. तिथं जुन्या गाड्यांचा बाजार मोठा, चॉइस जास्त. घरात पहिली चारचाकी घ्यायची म्हटलं की लाखनी, साकोली, पवनीचा माणूस आधी नागपूरच्या ओळखीच्या दलालाला फोन लावतो. गाडी बघायची, एक चक्कर मारायची, टोकन द्यायचं आणि संध्याकाळी राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून गाडी घरी. दुसऱ्या दिवशी पेढे.

या सगळ्यात एक काम मागे राहतं. गाडी नावावर करायचं.

"होईल ना, काय घाई आहे" म्हणत महिना जातो, मग वर्ष. अनेकदा तर गाडी नावावर होण्याआधीच तिसऱ्याला विकलीही जाते. वर सगळ्यांना वाटत असतं की स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय, म्हणजे झालं. इथंच गोची आहे.

कायद्याच्या नजरेत मालक कोण?

मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम २(३०) मध्ये मालकाची व्याख्या दिली आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तो मालक. गाडी लोनवर असेल तर ज्याच्या ताब्यात ती आहे तो मालक धरतात, मालक अल्पवयीन असेल तर त्याचा पालक. असे थोडे अपवाद सोडले तर नियम हाच. पैसे कोणी दिले, चावी कोणाकडे आहे, पेट्रोल कोण भरतं, हे त्या व्याख्येत येत नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यातली गाडी मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. पुढे ती आणखी काही हातांतून गेली, पण नोंदणीवरचं नाव तेच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि त्यात एका मुलाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? उच्च न्यायालयाने जबाबदारी नंतर गाडी घेणाऱ्यावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते बदललं आणि नोंदणीवर ज्याचं नाव आहे त्यालाच जबाबदार धरलं. न्यायालयाचं म्हणणं असं की अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कोणी कोणाला कधी विकली याची साखळी शोधत फिरायचं नाही. कायद्याने एक नाव ठरवून दिलंय, ते नोंदवहीत आहे.

म्हणजे दोन वर्षांपूर्वी विकलेल्या, आज कुठे आहे हेही माहीत नसलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई तुमच्याकडे मागितली जाऊ शकते. भरपाईची रक्कम लाखांत असते. त्या गाडीचा विमा संपलेला असेल तर ती विमा कंपनीकडून नाही, घरातून जाते.

भरपाईशिवायही धोके आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. आपल्याला न कळत हे झालं, असं सिद्ध केलं तर सुटका आहे, पण सिद्ध करण्याचं ओझं मालकावर. आता विचार करा, गाडी विकत घेणाऱ्याचा सतरा वर्षांचा पोरगा ती घेऊन निघालाय आणि आरसीवर नाव तुमचं आहे. ई-चलानचं तर बोलायलाच नको. कॅमेरा नंबर वाचतो, मेसेज नोंदणीतल्या मोबाइलवर जातो.

घेणाऱ्याचं काय बिघडतं?

लोकांना वाटतं की नाव न बदलल्याचा त्रास फक्त विकणाऱ्याला. गाडी वापरणाऱ्याचं तर बरंच चाललंय. खरं तर त्याचं नुकसान जास्त जवळचं आहे, फक्त ते अपघात होईपर्यंत दिसत नाही.

गाडीच्या विम्याचे ढोबळ मानाने तीन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी विकली की हा भाग आपोआप नव्या मालकाकडे गेला असं मानतात. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. हा आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे स्पष्ट केलंय. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. ते केलं नाही आणि मुजबी फाट्याजवळ गाडी ट्रकला घासली, तर क्लेम करायला जाणाऱ्याच्या नावावर ना गाडी असते ना पॉलिसी.

तिसरा भाग सगळ्यात दुर्लक्षित. मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा, १५ लाख रुपयांचा. गाडी चालवताना मालकाचाच मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर हे पैसे कुटुंबाला मिळतात. पण अट अशी की तो माणूस गाडीचा नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसीवर त्याचं नाव हवं आणि त्याच्याकडे लायसन हवं. गाडी नावावर नसेल, तर ज्याने गाडीचे पूर्ण पैसे मोजले त्याच्याच घरच्यांना हे १५ लाख मिळत नाहीत. रोज महामार्गाने नागपूरला नोकरीला जाणाऱ्या माणसासाठी ही कागदाची गोष्ट राहत नाही.

जाता जाता एक: नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते आणि ती विकणारा स्वतःच्या पुढच्या गाडीला नेऊ शकतो. त्यामुळे "बोनससकट पॉलिसी देतो" असं कोणी म्हणालं तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

मग करायचं काय?

फॉर्म २९ आणि फॉर्म ३० हे दोन आकडे लक्षात ठेवा. २९ म्हणजे "मी गाडी विकली" ही विकणाऱ्याची सूचना. ३० म्हणजे नाव बदलाचा अर्ज. कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपण राहतो तिथल्या आरटीओकडे. म्हणजे नागपूरची गाडी घेतलेल्या तुमसरच्या माणसाला अर्ज भंडाऱ्यात करता येतो. अर्ज परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर भरतात. सरकारी फी काहीशे रुपयांच्या घरात आहे. एजंटचे पैसे त्यावर, तो तुमचा प्रश्न.

एक गैरसमज इथं फार आहे. लोकांना वाटतं ट्रान्सफर केलं की नंबर बदलून ३६ चा घ्यावा लागेल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी घेतली तर नंबर तोच राहतो, एमएच ३१ आयुष्यभर ३१. बदलतं ते फक्त मालकाचं नाव आणि पत्ता.

राज्याबाहेरची गाडी असेल तर खेळ वेगळा. भंडारा जिल्ह्याची उत्तरेची हद्द मध्य प्रदेशातल्या बालाघाटला लागून आहे, आणि महामार्गाने पूर्वेला गेलं की छत्तीसगड. त्यामुळे एमपी ५० किंवा सीजी ०८ नंबरची गाडी स्वस्तात सांगून येते. ती घ्यायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तिथं भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायला तिथंच जावं लागतं. हा सगळा हिशेब घातला की "चाळीस हजार स्वस्त" मधले किती उरतात ते कागदावर मांडून बघा.

गाडी लोनवर घेतलेली असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो. लोन फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला असं नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो, तोवर नाव बदल अडतो. तसंच १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तरीही आरटीओतलं काम थांबतं. गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर पुन्हा नोंदणीची फी ५,००० रुपये आहे, २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा.

कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या

जुन्या बाजारात सर्रास चालणारी एक पद्धत आहे. दलाल विकणाऱ्याकडून कोऱ्या २९-३० वर सह्या घेतो आणि म्हणतो, गिऱ्हाईक मिळालं की त्याच्या नावे करून टाकतो. गाडी दोन-तीन हात फिरते, कागद तेच. मधल्यांचं नाव कुठंच नाही आणि पहिल्याला वाटतं आपण मोकळे झालो. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय ही आहे, आणि ती दलालाइतकीच आपल्या आळसावर चालते.

यावर केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं. गाडी त्याच्याकडे दिली की पोर्टलवर तशी नोंद करायची आणि त्या नोंदीनंतर गाडी विकली जाईपर्यंत डीलरच मालक मानला जातो. विकणाऱ्यासाठी हा नियम फार कामाचा आहे. तेव्हा डीलरला पहिला प्रश्न भावाचा नाही, प्रमाणपत्र आहे का, हा विचारा.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपल्याकडची मुलं तिथं जुनी गाडी घेतात, तेव्हा त्यांना याच्या उलटं काहीतरी दिसतं. तिथं विकणारा मोबाइलवरूनच डीव्हीएलए या सरकारी संस्थेला कळवतो आणि त्याची जबाबदारी संपते. गाडीचा रोड टॅक्स नव्या मालकाकडे जातच नाही, जुन्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात आणि नव्याने स्वतःचा टॅक्स भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. त्यामुळे नाव बदल टाळण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. शिवाय तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि नुसता नंबर टाकला की आधीच्या तपासण्यांमधलं किलोमीटरचं, म्हणजे तिकडच्या मैलांचं, रीडिंग कोणालाही फुकट बघता येतं. मीटर मागे फिरवला तर लगेच दिसतो. आपल्याकडे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, पीयूसी एवढं कळतं. रीडिंगसाठी सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मागाव्या लागतात.

आणि एक गोष्ट कोणत्याच ॲपवर दिसत नाही ती म्हणजे पूर. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पाण्यात राहिलेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते, कधी दुसऱ्याच गावात. स्टेपनी काढून तिच्या खालच्या खळग्यात गाळ आहे का बघा. सीटच्या खालच्या रुळांना गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाकडे मातीचा डाग, काचा बंद करून एसी लावल्यावर कुबट वास, ही सगळी त्याचीच चिन्हं. इंजिन ठीक चालत असलं तरी अशा गाडीची वायरिंग पुढे वर्षभर त्रास देते.

आधीच विकली असेल आणि नाव बदललंच नसेल तर?

आज एम-परिवहनवर जुना नंबर टाकून बघा. घेणारा ओळखीचा असेल तर त्याला सोबत घेऊन अर्ज करा. सापडत नसेल तर विक्रीची तारीख, त्याचं नाव-पत्ता, स्टॅम्प पेपरची प्रत आणि पैसे मिळाल्याचा पुरावा जोडून आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या. एवढ्याने मालकी बदलत नाही, पण उद्या पोलिस किंवा कोर्टासमोर बोलायला तुमच्याकडे तारखेचा कागद असतो. फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर तो त्याच दिवशी बँकेला सांगून बंद करा. नाहीतर सेंदुरवाफा टोल तो ओलांडेल आणि पैसे तुमचे कटतील.

वडिलांच्या पश्चात घरात उभी असलेली गाडी हाही याच गटातला प्रकार आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला ती तीन महिने तशीच वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करायची असते. त्या दिवसांत घरात आरटीओ कोणाच्या डोक्यात नसतं. पण गाडी मात्र तेरवीच्या सामानालाही निघते, त्यामुळे कळवण्याचं काम घरातल्या एकाकडे आधीच सोपवून ठेवा.