वनौषधींविषयीच्या दाव्यांची विश्वासार्हता

एखादी वनस्पती किंवा तिच्यापासून तयार केलेले चूर्ण, काढा, रस वा गोळी अमुक रोगावर गुणकारी आहे, या विधानाला कितपत आधार आहे याची पारख म्हणजे वनौषधींविषयीच्या दाव्यांच्या विश्वासार्हतेचा विचार होय. पूर्वी असे दावे वैदूंच्या तोंडून आणि मासिकांतील जाहिरातींतून पसरत. आता ते संकेतस्थळे, चित्रफिती व भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरतात. माध्यम बदलले तरी विचारायचे प्रश्न तेच राहतात : वनस्पती नेमकी कोणती, तिचा कोणता भाग, किती मात्रेत, कोणत्या रोगावर, कोणावर तपासून पाहिला आणि तो न घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक किती पडला.

पारख चुकली तर केवळ पैसे वाया जातात असे नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा मुलाचे इन्शुलिन एखाद्या पाल्याच्या भरवशावर थांबविले, तर थोड्याच दिवसांत रक्तात कीटोन आम्ले साठून त्याच्या जिवावर बेतते.

दाव्याची भाषा

दाव्याचे शब्द नीट वाचले तरी बरेच काही कळते. ‘रक्तशुद्धी करते’, ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर टाकते’, ‘रोगप्रतिकारशक्ती वाढविते’ ही विधाने इतकी सैल असतात की ती खोटी ठरविण्याची सोयच उरत नाही. विषद्रव्य कोणते, ते आधी किती होते आणि नंतर किती उरले, हे त्यांत सांगितलेले नसते. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ या लोकप्रिय वाक्यातही सिद्ध करणारा कोण, कोठे आणि कधी, हे गुलदस्त्यातच राहते.

या सैलपणामागे कायदाही आहे. अमेरिकेत १९९४ साली झालेल्या आहारपूरकांविषयीच्या कायद्यानुसार उत्पादकाला ‘सांध्यांच्या आरोग्यास साहाय्यक’ असे म्हणता येते, ‘संधिवात बरा करते’ असे म्हणता येत नाही. शिवाय हे विधान अन्न व औषध प्रशासनाने तपासलेले नाही, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. भारतात औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा कायदा लागू आहे. त्याच्या अनुसूचीत कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू, अपस्मार, बहिरेपणा अशा ५४ रोगांची व अवस्थांची यादी असून त्यांवरील औषधांची लोकांसाठी जाहिरात करण्यास मनाई आहे. म्हणजेच ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे छापणारी जाहिरात, औषधाचा गुण येवो वा न येवो, कायद्यानेच आक्षेपार्ह ठरते. वाचकाच्या हाती असलेली ही सर्वांत सोपी खूण होय.

वनस्पतीची ओळख

लोकभाषेतील एकच नाव अनेकदा दोन-तीन वनस्पतींना असते. ‘ब्राह्मी’ या नावाने बाकोपा मोनिएरी ही पाणथळ जागी वाढणारी नीरब्राह्मी ओळखली जाते आणि महाराष्ट्रात कारिवणा म्हणूनही परिचित असलेली सेंटेला एशियाटिका ही ओळखली जाते. दोन्ही वनस्पतींची कुळे वेगळी, घटकद्रव्येही वेगळी. एकीवर झालेल्या अभ्यासाचा दाखला देऊन दुसरीचे तेल वा चूर्ण विकले गेले, तर दाखला खरा असूनही दावा निराधार ठरतो. म्हणून शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग न सांगणाऱ्या मजकुराला फारसे मोल देता येत नाही.

ओळखीची चूक किती महागात पडू शकते, हे बेल्जियममध्ये दिसले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्स येथे वजन कमी करण्यासाठी दिल्या गेलेल्या गोळ्यांत स्टेफानिया या चिनी वनस्पतीच्या जागी अॅरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती आली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आणि पुढे त्यांच्यापैकी काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. याच कुळातील ईश्वरी ही वनस्पती भारतीय परंपरेतही वापरात आहे.

कोविड-१९ च्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला गेला. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे तपासले गेले नव्हते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वादाचा निकाल काहीही मानला, तरी सामान्य माणसाच्या दृष्टीने एक गोष्ट उरतेच : कुंपणावरचा वेल तोडून रोज काढा करणाऱ्याकडे हा भेद ओळखण्याचे साधन नसते.

पुराव्याची प्रत

परीक्षानळीतील पेशी, उंदीर, मोजके रुग्ण आणि तुलनात्मक चाचणी या पुराव्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. जाहिरात बहुधा पहिल्या पायरीवरचा पुरावा चौथ्या पायरीच्या थाटात मांडते. हळद हे याचे ठळक उदाहरण. हळदीत वजनाने साधारण तीन टक्के कर्क्युमिन असते. प्रयोगशाळेत ते कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करते. पण पोटात घेतल्यावर त्याचा फारच थोडा अंश रक्तात पोहोचतो आणि तोही लवकर नाहीसा होतो. परीक्षानळीत पेशी मेल्या, एवढ्यावरून हळदीचे दूध कर्करोग बरा करते असे म्हणता येत नाही.

याउलट सर्पगंधेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. भारतीय वैद्यकात जुन्या काळापासून माहीत असलेल्या या मुळीची मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ साली ती ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि ते जगभर वापरले गेले. पुढे काही रुग्णांना त्यामुळे खिन्नता येते असे दिसले, तेही नोंदले गेले. अधिक सोईची औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला. गुण आणि दोष दोन्ही मोजून उघड मांडणे हेच विश्वासार्ह दाव्याचे लक्षण आहे. वनौषधींना सरसकट भाकड ठरविणाऱ्यांनीही हा इतिहास ध्यानात घ्यावयास हवा.

आपोआप बरे होणारे रोग

‘मला स्वतःला गुण आला’ ही साक्ष बहुधा प्रामाणिक असते, पण तिच्यावरून निष्कर्ष काढणे अवघड असते. कावीळ हे तिचे नेहमीचे उदाहरण. हेपॅटायटिस ए या विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या अवधीत पाल्याचा रस घेतला, तर श्रेय रसाला मिळते. गळ्यात घालावयाच्या काविळीच्या माळेचेही असेच. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून ती केलेली असते. काड्या सुकून आक्रसल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. रोग उतरत असल्याची ती खूण मानली जाते. खुंटीवर टांगलेली माळही तशीच लांबते, हे पाहण्याच्या भरीस कोणी पडत नाही.

धोका असा की डोळे पिवळे होण्यामागे पित्ताचे खडे, हेपॅटायटिस बी, किंवा पावसाळ्यात कोकणात व मुंबईत आढळणारा लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो. गरोदर स्त्रीला हेपॅटायटिस ई झाला, तर तो प्राणघातक ठरू शकतो. तेथे माळेच्या भरवशावर घालविलेले आठ दिवस परत मिळत नाहीत.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’

हा समज सर्वांत चिवट आहे. दुधी भोपळा रोजच्या जेवणातला. तरीही कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या झाल्याच्या व मृत्यू ओढवल्याच्या घटना भारतात घडल्या आहेत. कडूपणा क्युकरबिटासिन या विषारी द्रव्यांमुळे येतो. म्हणून दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा आणि कडू लागल्यास फळ टाकून द्यावे. कडू म्हणजे औषधी, ही आपली जुनी समजूत येथे घातक ठरते.

सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनस्पती सौम्य नैराश्यावर उपयोगी मानली जाते. मात्र ती गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि अवयवरोपणानंतर द्यावयाच्या औषधांचा परिणाम कमी करते. त्यामुळे चालू औषधांबरोबर काय चालत नाही, हे न सांगणारी माहिती अपुरी समजावी. भेसळ व जड धातू हा आणखी एक प्रश्न. २००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आंतरजालावरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे २१ टक्के औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. अमेरिकेत बनलेल्या आणि भारतात बनलेल्या औषधांत हे प्रमाण जवळजवळ सारखेच होते.

परवाने आणि तक्रारी

वेष्टनावरील परवाना क्रमांकाचा अर्थ मर्यादित असतो. मान्यताप्राप्त प्राचीन ग्रंथांतील पाठानुसार केलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या गुणकारितेसाठी ग्रंथाचा आधार ग्राह्य धरला जातो. उत्तम निर्मिती पद्धतीचे प्रमाणपत्र कारखान्यातील स्वच्छता व प्रक्रिया यांविषयी असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असेल, तर ती वस्तू खाद्यपदार्थ म्हणून नोंदलेली असते, औषध म्हणून नव्हे. यांपैकी कशानेही जाहिरातीतील दावा सिद्ध होत नाही.

आक्षेपार्ह जाहिरातीविषयी महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे, तसेच मुंबई येथील भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार करता येते. आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी व होमिओपॅथी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी आयुष मंत्रालयाची देशव्यापी योजना असून तिचे समन्वय केंद्र नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. दुष्परिणाम कळविताना औषधाचे वेष्टन आणि उरलेले औषध जपून ठेवावे, कारण त्यावाचून वनस्पतीची ओळख पटविता येत नाही.