ट्रॉली ओढण्यासाठी ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा घ्यावा?

ट्रॅक्टर घेऊ इच्छिणारा शेतकरी ग्रामसेवकाकडे येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा अश्वशक्तीचा असतो. नांगरटीचे काम वर्षातून थोडे दिवस चालते. उसाच्या पट्ट्यात मात्र गळीत हंगामाचे कित्येक महिने ट्रॅक्टर ट्रॉलीच ओढीत असतो. त्यामुळे शेजाऱ्याने ४५ अश्वशक्तीचा घेतला असेल तर आपण ६० चा घ्यावा, म्हणजे ऊस अधिक भरता येईल, असा हिशेब सर्रास केला जातो. हा हिशेब अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी कर्जाचा बोजा वाढतो व कित्येकदा जिवावरही बेतते.

अश्वशक्ती म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावयास हवे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्यास जी शक्ती लागते, तिला एक अश्वशक्ती म्हणतात. या व्याख्येत वजन आहे तसा वेळही आहे. तेच वजन दोन सेकंदांत उचलावयाचे असेल, तर निम्मी शक्ती पुरते. बैलांची एक चांगली जोडी सुमारे एक अश्वशक्तीच देते. तरी ती टायरगाडीतून दीड-दोन टन ऊस कारखान्यावर नेते, कारण ती सावकाश चालते. सारांश, ओझे हलेल की नाही हे एकट्या अश्वशक्तीवर ठरत नाही; ते किती वेगाने जाईल, हे तिच्यावर ठरते.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचे वजन २ टन, रिकाम्या चारचाकी ट्रॉलीचे २ टन आणि ऊस ८ टन, असा एकूण १२ टनांचा भार आहे. सपाट व चांगल्या डांबरी रस्त्यावर चाके फिरती ठेवण्यास दर टनामागे सुमारे २० किलो ओढ लागते. म्हणजे १२ टनांस २४० किलो. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेग धरला, तर चाकांवर १६ अश्वशक्ती लागते. गिअर व इतर भागांत होणारी घट धरून इंजिनाने १९ ते २० अश्वशक्ती दिली की काम भागते. हे काम ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सहज करील.

चढावर हे चित्र पालटते. २० मीटर चालीत एक मीटर उंची चढणारा रस्ता डोळ्यांस फारसा कठीण दिसत नाही. परंतु तेथे दर टनामागे ५० किलो ओढ अधिक लागते. आपल्या १२ टनांस ती ६०० किलो झाली. पूर्वीचे २४० धरून ८४० किलो. सपाटीवरच्या साडेतीनपट! या चढावर ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ताशी ९ किलोमीटरच्या आसपास चालेल, ४५ चा १२ व ६० चा १६ किलोमीटरने. चढ अर्धा किलोमीटर लांबीचा असेल, तर सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या ट्रॅक्टरच्या वेळेत दीड मिनिटाचा फरक पडेल. एवढ्या दीड मिनिटासाठी किती हप्ते फेडावयाचे, हे ज्याचे त्याने पाहावे.

मग लहान ट्रॅक्टर चढावर अडतो तो का? पुष्कळदा इंजीन दमलेले नसते. चाके घसरत असतात. इंजिनाची शक्ती जमिनीपर्यंत पोहोचते ती मागच्या दोन टायरांतून, आणि टायर जमिनीला किती धरतील हे त्यांच्यावरील वजनावर अवलंबून असते. दोन टनांच्या ट्रॅक्टरचे सुमारे १,२५० किलो वजन मागच्या चाकांवर असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर आपल्यावरील वजनाच्या सुमारे सात दशांश ओढ देऊ शकतात, म्हणजे ८७५ किलो. वरच्या चढास ८४० किलो हवेत. काम होईल, पण अगदी काठावर. रस्ता दवाने किंवा पावसाने ओला असला, त्यावर पाचट व चिखल पडलेला असला, तर ही पकड पुष्कळच घटते. त्या वेळी इंजीन ३५ चे असो वा ६० चे, चाके जागीच फिरतात आणि भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागे खेचू लागते.

शेतातून ट्रॉली बाहेर काढताना तर हे आणखी स्पष्ट दिसते. ओलसर काळ्या जमिनीत चाके रुततात व दर टनामागे १०० किलो किंवा त्याहूनही जास्त ओढ लागते. तेथे पकड वजनाच्या चार दशांश धरली, तर ती ५०० किलो भरते. पाच टनांपलीकडे काही हलणार नाही, आणि त्यातले चार टन ट्रॅक्टर व ट्रॉलीचेच आहेत! म्हणून तोडीपूर्वी पुरेसे दिवस आधी पाणी तोडून रान वाळू द्यावे, ट्रॉली पाणंदीवर किंवा बांधालगत कठीण जागी उभी करावी, आणि मोळ्या तेथवर वाहून न्याव्यात. मजुरांस ही चाल पूर्वीपासून ठाऊक आहे. घाई असते ती ट्रॉली फडात घालणाऱ्यास. चारही चाकांना जोर देणाऱ्या ट्रॅक्टरचे सगळे वजन पकडीस उपयोगी पडते, त्यामुळे अशा रानात तोच ट्रॅक्टर ८ टनांचा भार, म्हणजे ४ टन ऊस, बाहेर काढील. रान नेहमीच ओले राहत असेल, तर वाढीव अश्वशक्तीपेक्षा या सोयीवर पैसा घालणे शहाणपणाचे.

दोन चाकांच्या ट्रॅक्टरची पकड वाढविण्यास मागच्या टायरांत पाणी भरतात किंवा चाकांना बिडाची वजने लावतात. दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार हिचवर येतो, तोही मागच्या चाकांना दाबतो. मात्र मागे भार वाढला की पुढची चाके हलकी होतात व सुकाणू हाताला लागेनासे होते. त्यासाठी पुढेही वजने लावावीत. साखळी किंवा ट्रॉली हिचच्या ठरलेल्या जागेपेक्षा उंचावर कधीही अडकवू नये. ओढ उंचावरून लागली, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो, आणि चालकास उडी टाकण्यासही वेळ मिळत नाही.

आतापर्यंत ओढण्याचा विचार झाला. थांबविण्याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. रिकामा ट्रॅक्टर ताशी १८ किलोमीटर वेगात असताना ब्रेक लावल्यापासून तीन मीटरच्या आत थांबू शकतो. त्याच ट्रॅक्टरमागे १० टनांची ब्रेक नसलेली ट्रॉली असेल, तर सपाट कोरड्या रस्त्यावर १३ ते १४ मीटर लागतात, आणि वर सांगितलेल्याच रस्त्याच्या उतारावर ३० मीटर. वेग २५ किलोमीटर असेल, तर ५७ मीटर. चालकास धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जाणारे अंतर यात धरलेलेच नाही. मागची ट्रॉली तिरपी होऊन ट्रॅक्टरला ढकलू लागली, तर हे आकडेही उपयोगाचे नाहीत. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असणे हे मोठ्या इंजिनापेक्षा किती तरी मोलाचे आहे. मोठ्या ट्रॅक्टरचा खरा फायदाही त्याच्या जास्त वजनात व मोठ्या ब्रेकांत असतो. म्हणून दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना अश्वशक्तीबरोबर त्यांचे वजन अवश्य विचारावे.

नीरा डाव्या कालव्याच्या सपाट पट्ट्यात एका मध्यम ट्रॉलीसाठी ३५ ते ४५ अश्वशक्ती पुरावी. पन्हाळा, शाहूवाडीकडील चढउतारांच्या वाटांवर ४५ ते ५५ अश्वशक्तीचा, वजनदार ट्रॅक्टर घेणे इष्ट. तेथेही उसाचा भार कमी ठेवणे हाच पहिला उपाय होय. इंजिनाची क्षमता पाहताना आणखी एक गोष्ट विचारावी. चढावर फेरे घटू लागले की काही इंजिनांची फिरविण्याची ताकद वाढते व ती तग धरतात, काही लगेच बंद पडू पाहतात. अश्वशक्तीच्या आकड्यात हा फरक दिसत नाही. भरलेली ट्रॉली लावून आपल्याच वाटेवर चालवून पाहिल्यास तो तत्काळ कळतो.

डिझेलचा खर्चही ध्यानात घ्यावा. इंजीन चांगल्या भाराखाली चालते, तेव्हा एका अश्वशक्तीस तासाला सुमारे पाव लिटर डिझेल लागते. मोठे इंजीन कमी भारावर चालविले, तर दर अश्वशक्तीमागे खर्च वाढतो, आणि कारखान्यावरून परतीची प्रत्येक खेप रिकामी असते.

ग्रामसेवकांनी चालकांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्यात. रस्त्यावर येण्यापूर्वी डाव्या-उजव्या ब्रेकची पायटे खिट्टीने जोडावीत. शेतात वळण्यासाठी ती सुटी ठेवलेली असतात, आणि भरधाव असताना एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागीच फिरतो. दुसरी गोष्ट उताराची. ज्या गिअरमध्ये तो चढ चढता येईल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि गिअर उताराच्या माथ्यावरच टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडण्याची रीत अनेक गावांत आहे. त्यात वाचणारे डिझेल पेलाभरही नसते, आणि एकदा वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही.