उभ्या सापाला भोवळ का येत नाही?

कुंपणावरचा हरणटोळ हलेपर्यंत वेलच वाटतो. करंगळीएवढा जाड, मीटरभर लांब, हिरवागार. तो आंब्याच्या खोडावरून सरळ वर निघाला, की बघणारे त्याच्या विषाची चौकशी करतात. विष सौम्यच असतं. मला मात्र प्रश्न पडतो तो त्याच्या रक्ताचा.

मीटरभर उंच रक्ताचा स्तंभ तळाशी सुमारे 77 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब टाकतो. साप आडवा असताना हा दाब नसल्यात जमा. तो उभा झाला, की शेपटीकडच्या शिरा फुगायला हव्यात, रक्त तिथेच साचायला हवं आणि डोकं कोरडं पडायला हवं. उकिडवे बसलेले आपण झटकन उठलो, की डोळ्यांपुढे अंधारी येते ती अशाच कारणानं. आपल्याकडे निदान पोटऱ्या आहेत, चालताना त्या रक्त वर ढकलतात. सापाला पायच नाहीत.

हार्वी लिलीव्हाइट आणि रॉजर सेमूर या दोन शास्त्रज्ञांनी हा प्रश्न अगदी साध्या रीतीनं सापांनाच विचारला. साप लांब नळीत ठेवायचा, धमनीतला दाब मोजत राहायचं आणि नळी हळूहळू उभी करायची. त्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. पाण्यात राहणाऱ्या सापांचा धमनीतला दाब 15 ते 39 मिलिमीटर, तर झाडावर चढणाऱ्यांचा 50 ते 90. म्हणजे झाडावरच्या सापाचा दाब जवळपास माणसाच्या सरासरी दाबापर्यंत पोचतो. सरपटणारा प्राणी म्हणजे थंड, संथ कारभार, ही आपली समजूत इथे उताणी पडते.

पण नुसता दाब वाढवून भागत नाही. खरी करामत रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आहे. तिथल्या स्नायूंचा ताण सतत कमी-जास्त होत असतो, बागेतल्या पाइपवर कुणी मूठ आवळावी-सोडावी तसा. डोक्याकडचा दाब घसरू लागला, की मेंदूकडून चेतातंतूंमार्फत हुकूम सुटतो. तंतूंच्या टोकांतून ॲड्रिनॅलिनच्या जातीची रसायनं पाझरतात, भिंतीतल्या अल्फा ग्राहकांना चिकटतात आणि हृदयाच्या खालच्या अंगाच्या वाहिन्या आवळल्या जातात. हृदयाचे ठोकेही वाढतात. अमेरिकेतल्या एका रॅट स्नेकमध्ये, म्हणजे आपल्या धामणीसारख्याच चढण्यात पटाईत सापात, हे तंतू हृदयाच्या मागच्या वाहिन्यांवर दाट आढळले, पुढच्या बाजूला विरळ. मूठ आवळायची ती शेपटीकडे, डोक्याकडची वाट मोकळीच ठेवायची! प्रोस्टेटसाठी आजोबांना दिली जाणारी काही औषधं याच अल्फा ग्राहकांना अडवतात. गोळी घेतल्यावर एकदम उठू नका, असं डॉक्टर बजावतात ते म्हणूनच.

बाकीची मदत शरीराची ठेवण करते. झाडावरचे साप सडपातळ, कातडी तंग. लढाऊ वैमानिकांच्या आवळ पोशाखासारखी. चढता चढता मध्येच ते अंगाला वळसे देतात, तेव्हा शिरांतलं रक्त पिळल्यासारखं वर सरकतं. शिवाय हृदय डोक्याजवळ. मीटरभर सापात ते डोक्यापासून वीस सेंटिमीटरवर असेल, तर उभं असताना फक्त 15 मिलिमीटरची चढण. तेच हृदय मधोमध असतं, तर 39. अर्थात हृदयाची जागा केवळ झाडावर चढण्यानं ठरत नाही. सापाचं घराणं कोणतं, यावरही ती बरीच अवलंबून असते. उत्क्रांतीच्या गोष्टी सांगताना हे घराणं विसरण्याचा मोह फार होतो.

आता किनाऱ्यावर या. रापण ओढली, की मासळीबरोबर कधीकधी समुद्रसापही येतो. चपट्या शेपटीचा, जहाल विषारी, पण वाळूवर अगदी हतबल. मच्छीमार त्याला काठीनं पुन्हा पाण्यात लोटतात. अनेक समुद्रसापांचं हृदय शरीराच्या मध्याकडे सरकलेलं असतं. रक्तवाहिन्यांनी भरलेलं फुप्फुस जवळजवळ शेपटीपर्यंत पोचतं. झाडावरच्या सापात तेच हृदयाजवळच्या छोट्याशा भागात आवरलेलं असतं. वाहिन्या आवळण्याची सवयही समुद्रसापाला फारशी नाही. हवेत त्याची नळी उभी केली, की रक्त खालच्या टोकाला उतरतं आणि डोक्याकडचा दाब ढासळतो.

पाण्यात मात्र हाच साप कसाही वळला तरी काही बिघडत नाही. जितकं खोल जावं तितका पाण्याचा दाब वाढतो, जवळपास त्याच हिशेबानं जसा आतल्या रक्ताचा. शिरेला आतून रक्त फुगवू पाहतं, बाहेरून समुद्र दाबून धरतो. श्वास घ्यायला तो खोलातून सरळ उभा वर येतो, आणि त्याच्या शेपटीतल्या शिरांना त्याची खबरही लागत नाही.