हाडातली वीज

शेजारच्या काकूंचं पायाचं हाड जुळतंय. डॉक्टर म्हणतात, आता थोडा भार टाका. काकू विचारतात, "भार टाकून हाड कसं जुळेल गं?"

मी बायोमटेरियल्समध्ये काम करते, त्यामुळे हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय!

1957 मध्ये जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी दाखवलं की कोरडं हाड दाबलं तरी त्यात वीज निर्माण होते. ही किमया मुख्यतः हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाची. जिवंत, ओल्या हाडात सूक्ष्म पोकळ्यांतून वाहणारा द्रवही विद्युतदाब तयार करतो. वाकलेल्या हाडाची दाबलेली बाजू ऋणभारित होते आणि नवं हाड तिकडेच जास्त धरतं.

म्हणून पीव्हीडीएफ किंवा बेरियम टायटनेटसारख्या, दाबल्यावर वीज देणाऱ्या पदार्थांचे सांगाडे बनवून त्यांवर मूलपेशी वाढवतात. विद्युत संकेतांमुळे पेशीपटलातली कॅल्शियमची दारं उघडतात. आत शिरलेलं कॅल्शियम संदेशांची साखळी सुरू करतं, आरयूएनएक्स-2 सारखी जनुकं जागी होतात आणि पेशी हाड घडवण्याकडे वळते.

प्रयोगशाळेतले निकाल खूप आशादायक आहेत. रोजच्या उपचारात मात्र हे सांगाडे अजून रुळलेले नाहीत.

भार किती टाकायचा, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. बाकी काही शंका असतील तर कमेंटमध्ये जरूर विचारा.