सामाईक छप्पर : कालाहारीतील एका पक्ष्याचे एकत्र कुटुंब

घरटे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फांदीला लोंबकळणारा सुगरणीचा खोपा येतो. नर तो मोठ्या कौशल्याने विणतो. पण हंगाम सरला की खोपा ओस पडतो. याच सुगरणीच्या कुळातला आफ्रिकेतील एक पक्षी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे घर बांधतो. १७९० साली जॉन लॅथम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या ‘फिलेटायरस सोशियस’ या नावातच सोबत्यांची आवड सूचित होते. आपण त्याला समूहप्रिय सुगरण म्हणू.

नामिबिया, बोट्स्वानाचा दक्षिण भाग आणि दक्षिण आफ्रिकेचा वायव्य भाग येथील कोरड्या गवताळ माळरानांत हा पक्षी राहतो. आकार चिमणीएवढा, वजन तीस ग्रॅमच्या आतबाहेर. परंतु बाभळीसारख्या काटेरी कॅमल थॉर्न वृक्षावर, क्वचित टेलिफोनच्या खांबावरही, तो जे घर उभारतो ते दुरून गवताच्या गंजीसारखे दिसते. मोठ्या घरट्यात शंभराहून अधिक खोल्या आणि शेकडो पक्षी असतात. काही घरटी शंभर वर्षांहून अधिक काळ नांदती राहिली आहेत.

या वास्तूची रचना पाहण्यासारखी आहे. वर काटक्या व जाड गवताचे सामाईक छप्पर. खाली खाजगी खोल्या. प्रत्येक खोलीचे दार जमिनीकडे उघडते. कालाहारीत हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो, तेव्हा पक्ष्यांनी भरलेल्या खोलीत बाहेरपेक्षा १८ ते २३ अंश सेल्सिअस अधिक ऊब असल्याचे मोजले गेले आहे. अन्न मुख्यतः कीटक आणि बिया. कीटकांतूनच पाणी मिळत असल्याने पाणवठ्यावाचूनही त्याचे निभते. पाऊस झाला की वीण सुरू होते, आणि आधीची पिल्ले अनेकदा धाकट्या भावंडांना भरवण्यास मदत करतात.

आता खरा प्रश्न असा, की छप्पर सर्वांचे, तर त्याची डागडुजी कोणी करायची? खोली ज्याची त्याने राखावी, हे ठीक. छपराचा लाभ मात्र काडीही न आणणाऱ्यालाही तितकाच मिळतो. सामाईक खात्याचा व्यवहार पाहिलेल्यांना ही अडचण निराळी सांगावी लागणार नाही. किंबर्लीजवळील बेनफोंटेन येथे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की सर्वच पक्षी छपरासाठी खपत नाहीत. जे खपतात, त्यांचे वसाहतीतील इतरांशी नाते अधिक जवळचे असते, आणि नातलग घरट्यात एकमेकांच्या जवळ राहतात. म्हणजे श्रम आपल्याच माणसांच्या डोक्यावरील छपरासाठी होतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तर असे दिसले, की काम टाळणाऱ्याला इतरांच्या चोची खाव्या लागतात आणि त्यानंतर तो अधिक काड्या आणू लागतो. जिव्हाळा आणि जाब, दोहोंवर छप्पर उभे आहे.

या घराला भयही आहे. केप कोब्रा खोलीखोलीत शिरून अंडी-पिल्ले फस्त करतो. बुटका ससाणा आयत्या खोलीत बिऱ्हाड थाटतो आणि प्रसंगी यजमानाचेच पिल्लू उचलतो. शिवाय घरटे फार वाढले आणि पावसाने भिजले, की त्या भाराने फांदीच मोडते. अनेक वर्षांचे श्रम एका रात्रीत मातीला मिळतात.

वाचकहो, शंभर वर्षांच्या त्या छपरात पहिल्या पक्ष्याने आणलेली काडी आज शोधूनही सापडणार नाही. जुने गवत गळते, नवे खोचले जाते. एकेका पक्ष्याचे आयुष्य थोड्या वर्षांचे. वसाहत टिकते ती रोजच्या डागडुजीवर. आपल्याही घरात, पेढीत, सामाईक छपराची काडी सध्या कोण आणत आहे, याची नोंद अधूनमधून घ्यावी. जो आणतो, त्याला तसे बोलूनही दाखवावे.